तबल्यावरून सांब्याकडे: ब्राझीलबाहेर राहून ब्राझीलचं संगीत शिकवायचं असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात लहानपणापासून तबला शिकलात, आता शिक्षणासाठी जर्मनीत आहात, तिथल्या एका सांबा गटात वाजवायला लागलात. हात लवकर बसला म्हणून गटानं नवशिक्यांचा वर्ग तुमच्याकडे सोपवायचं ठरवलंय. ब्राझीलला कधी न गेलेल्या, पोर्तुगीज न येणाऱ्या माणसानं हे शिकवावं का, शिकवायचं तर सुरुवात कुठून करावी, आणि गटाच्या कार्यक्रमात तबला घेऊन बसलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. मीही तबल्यावरूनच पांदेइरोकडे, म्हणजे ब्राझीलच्या खंजिरीसारख्या वाद्याकडे, आलो आणि बरीच वर्षं लिस्बनमध्ये पांदेइरो आणि शोरो, म्हणजे रिओचं जुनं वाद्यसंगीत, शिकवतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शिकवा. पण आत्ता तुमच्या हातात जे आयतं आहे, ते शिकवू नका. बोटांची तयारी तुमच्याकडे आहे, लय पक्की आहे, दुप्पट-चौपट सहज निघते. गटानं तुमची निवड त्यासाठीच केली असणार. पण ब्राझीलच्या संगीतात हात सगळ्यात शेवटी येतो. आधी गाणं, मग पाऊल, मग आपल्या शेजारी काय वाजतंय त्याकडे कान, आणि मग हात. बाहेरच्या देशांतले वर्ग बहुतेक उलट्या क्रमानं चालतात. पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या हातात वाद्य देतात, फळ्यावर ठिपके काढून नमुना शिकवतात. महिन्याभरात गोंगाट उभा राहतो, पण वर्षानंतरही त्यात सांबा सापडत नाही.

तबलजीला पहिली अडचण येते ती समेची. आपला कान समेकडे धावतो. जोराचा, भारदस्त ठोका आला की ती सम, असं आपण नकळत धरून चालतो. सांबा दोन मात्रांचा, आणि त्यातला वजनदार ठोका दुसऱ्या मात्रेवर. रिओच्या सांबा स्कूलमध्ये, म्हणजे कार्निव्हलच्या मिरवणुकीसाठी तयारी करणाऱ्या मंडळांत, सगळ्यात मोठा, खोल आवाजाचा ढोल म्हणजे पहिला सुर्दो, आणि तो वाजतो दुसऱ्या मात्रेला. दुसरा सुर्दो, जरा चढ्या सुराचा, पहिल्या मात्रेवर त्याला उत्तर देतो. तिसरा सुर्दो या दोघांच्या मधे नक्षी काढतो. मांगेरा या १९२८ साली सुरू झालेल्या स्कूलची तर ओळखच अशी की तिथे उत्तर देणारा सुर्दो नाही. एकच मोठा ठोका दुसऱ्या मात्रेवर, पहिली मात्रा मोकळी. केरवा घोटलेला विद्यार्थी हे ऐकतो आणि त्या मोठ्या ठोक्याला सम धरतो. झालं, सगळं चित्र उलटं. गाणं भलतीकडे सुरू झाल्यासारखं वाटतं, नाचणाऱ्यांची पावलं चुकीची वाटतात, आणि हा मात्र आपल्या जागी ठाम. माझ्या वर्गात भारतीय तालवाद्यं शिकून आलेल्या जवळजवळ प्रत्येकाचं पहिल्या काही आठवड्यांत हेच होतं. फळ्यावर समजावून ते सुटत नाही, चालताना गायला लावलं की सुटतं.

दुसरी अडचण तांबोरिमची. हे वाद्य आपल्या दिमडीएवढं, जागरणात वाघ्याच्या हातात असते तेवढं, पण काडीनं वाजतं. सोळा सूक्ष्म मात्रांचा त्याचा वळणदार नमुना असतो. तबलजीचा पहिला प्रश्न असतो, ‘हा सुरू कुठून होतो?’ याला एक ठरलेलं उत्तर नाही. गाण्याची चाल जिकडे झुकते, तिकडे नमुना लागतो. एका गाण्यात तो या अर्ध्यापासून, दुसऱ्यात त्या अर्ध्यापासून. गाणं ठाऊक नसलेला वादक तो अचूक वाजवूनही चुकीचा वाजवतो, आणि ब्राझीलच्या माणसाला ते क्षणात कळतं. म्हणून म्हणतो, आधी गाणं.

तिसरी गोष्ट मात्रांच्या आतली. सांब्यात एका मात्रेचे चार भाग पडतात, पण ते समान नसतात. साधारणपणे दुसरा जरा आखूड, चौथा जरा लांब. तिश्रही नाही, चतुश्रही नाही, मधलंच काहीतरी. लय वाढली की हे प्रमाण बदलतं, वादकागणिक बदलतं, गावागणिक बदलतं. चौगुन रेषेसारखी सरळ यावी म्हणून आपण वर्षानुवर्षं मेहनत केलेली असते. इथे ती सरळ रेषा सोडायची आहे. मेट्रोनोमवर हे शिकता येत नाही. गांझा, म्हणजे दाणे भरलेला तो लांबट खुळखुळा, हातात घ्या आणि चांगल्या जुन्या ध्वनिमुद्रणाबरोबर रोज पंधरा-वीस मिनिटं नुसता हलवत राहा. पुढे-मागे होणाऱ्या हाताच्या वजनातून ते असमान अंतर आपोआप येतं. सांब्याच्या झोक्याचा याहून चांगला शिक्षक मला माहीत नाही.

आणि चौथी, सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे कंटाळा. तबल्याच्या तालमीत आपण पेशकार, कायदा, रेला, गत असे वाढत जातो. तेच ते वाजवणं म्हणजे थांबणं, असं मनात बसलेलं असतं. रिओच्या मोठ्या स्कूलच्या बातेरियात, म्हणजे तालवादकांच्या ताफ्यात, अडीचशे-तीनशे माणसं असतात आणि त्यातली बहुतेक तासभर एकच नमुना वाजवतात. वारीच्या दिंडीतला टाळकरी पावली खेळतो, अभंग गातो आणि टाळ धरतो, तिन्ही एकदम, आणि त्याला कधी वाटत नाही की आपल्या वाट्याला फारच थोडं आलंय. बातेरियातल्या माणसाचं मन तसं असतं. तुमच्यासाठी माझा अगदी नेमका सल्ला: वर्ग घेण्याआधी एक हंगाम तुमच्या गटात फक्त सुर्दो वाजवा. तांबोरिम नको, रेपिनिके हा चढ्या आवाजाचा ढोल नको, तुमच्या बोटांना शोभेल असं काहीच नको. दुसऱ्या मात्रेवर एक ठोका, आणि तोंडानं गाणं. तो ठोका ढकलला की सगळा गट धावतो, मागे धरला की बसतो, हे अंगात शिरलं की शिकवण्यासारखं काहीतरी तुमच्याकडे आलं.

आता ‘आपण ब्राझीलचे नाही’ या तुमच्या शंकेकडे येतो. हे संगीत बाहेर नेणाऱ्यांची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे आणि त्यातल्या पहिल्यांनाही ‘तुम्ही कोण आमचं प्रतिनिधित्व करणार?’ हे ऐकावं लागलं होतं, तेही स्वतःच्या देशात. १९२२ साली पिशिंगिन्या हे बासरीवादक आणि संगीतकार आपला ‘ओइतो बातुतास’ हा संच घेऊन पॅरिसला गेले. खर्च आर्नाल्दो गिन्ले या धनिकानं उचलला होता. तिथे दुके नावाचा, ब्राझीलच्या बाहिया राज्यातला नर्तक आधीपासून माशीशे हा नाच शिकवत होता, त्याच्या ओळखीनं काम मिळालं. सहा महिने त्यांनी तिथे वाजवलं. आणि इकडे ब्राझीलच्या वर्तमानपत्रांत काही लोक लिहीत होते की काळ्या वादकांनी युरोपात आपल्या देशाचं नाव घेऊन जावं ही लाजिरवाणी गोष्ट आहे. गुलामगिरी कायद्यानं संपून तेव्हा जेमतेम चौतीस वर्षं झाली होती. ती संपली १८८८ साली.

हा इतिहास वर्गात सांगितलाच पाहिजे. पांदेइरो हातात देताना मी जोआंव दा बायाना यांची गोष्ट सांगतो. १९०८च्या सुमारास पोलिसांनी त्यांचं पांदेइरो जप्त केलं, कारण ते हातात असणं हाच उनाडपणाचा पुरावा मानला जाई. पिन्येरो माशादो या वजनदार सिनेटरनं त्यांना नवं पांदेइरो दिलं, त्यावर स्वतःचं नाव कोरून, म्हणजे पुन्हा कुणी हात लावू नये. त्याच काळात रिओच्या प्रासा ओन्झे भागात बाहियाहून आलेल्या तिया सियाता यांच्या घरी मैफली जमत. पुढच्या खोलीत शोरो, मागच्या अंगणात सांबा, अशी आठवण त्या घरात वावरलेल्यांनी सांगून ठेवली आहे. सांबा म्हणून गाजलेलं पहिलं गाणं १९१६च्या अखेरीस नोंदवलं गेलं, ते याच वर्तुळातून आलं. तुमच्या जर्मन विद्यार्थ्यांना पिसांचे मुकुट आणि कार्निव्हल ठाऊक असतं. या अंगणाची ओळख करून देणं तुमच्या हातात आहे.

परदेशात शिकवणाऱ्यांपैकी मला सर्वांत जवळचा वाटणारा माणूस म्हणजे जोव्हिनो सान्तोस नेतो. यांच्याबद्दल जरा थांबून सांगतो, कारण ‘कसं शिकवावं’ या तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यांच्यात आहे. जन्म रिओचा, १९५४चा. शिक्षण जीवशास्त्राचं, त्यातलं काही मॉन्ट्रियलला झालेलं. १९७७ साली ते एर्मेतो पास्कोआल यांच्या संचात आले आणि पंधरा वर्षं तिथे पियानो, बासरी वाजवत राहिले. एर्मेतो म्हणजे ईशान्य ब्राझीलच्या आलागोआस राज्यातल्या खेड्यात १९३६ साली जन्मलेला, स्वतःच्या कानानं शिकलेला माणूस. पाणी भरलेल्या किटलीपासून मुलांच्या खेळण्यांपर्यंत कशातूनही संगीत काढायचा. २०२५च्या सप्टेंबरमध्ये ते गेले. रिओच्या जाबूर या साध्या उपनगरातल्या त्यांच्या घरी संच रोज तासन्‌तास तालीम करायचा. कार्यक्रम असो वा नसो. एर्मेतो तिथेच बसून नवं लिहायचे, वादक ते तिथेच उचलायचे. १९९६च्या जूनपासून तर त्यांनी वर्षभर रोज एक रचना लिहिली, म्हणजे जगात कुणाचाही वाढदिवस असला तरी त्याच्या वाट्याला एक रचना यावी. आपल्याकडे गुरूच्या घरी राहून शिकण्याला जे मोल आहे, ते ज्याला कळतं त्याला जाबूर कळायला वेळ लागणार नाही.

१९९३ साली जोव्हिनो अमेरिकेत सिअ‍ॅटलला स्थायिक झाले आणि तिथल्या कॉर्निश कला महाविद्यालयात त्यांनी अनेक वर्षं शिकवलं. रिओतलं ते घर तर बरोबर नेता येत नाही. मग त्यांनी काय नेलं? एक म्हणजे कागद. एर्मेतोंच्या रचना वह्यांत, सुट्या पानांवर, कुठे कुठे पसरलेल्या होत्या. जोव्हिनोंनी त्या जपल्या, नीट स्वरलिपीत आणल्या, संपादित करून छापल्या. आज जगभर विद्यार्थी एर्मेतो वाजवतात, त्यामागे हे कष्ट आहेत. आणि दुसरं म्हणजे तालमीची रीत. त्यांच्याकडे अमेरिकन विद्यार्थी येतात, ते जॅझ शिकलेले, पानं वाचण्यात तरबेज. त्यांना ते गायला लावतात, टाळ्या वाजवायला लावतात, ताल अंगात आल्यावर वाद्याकडे जाऊ देतात. कॅलिफोर्नियात काझाडेरोच्या रेडवुड झाडांच्या जंगलात दर ऑगस्टमध्ये ब्राझीलच्या संगीत-नृत्याचं शिबिर भरतं, तिथेही ते शिकवत आले आहेत. दिवसा वर्ग, रात्री उशिरापर्यंत गोल करून वाजवणं. कागद आणि गोल, दोन्ही. माझ्या मते बाहेर राहून शिकवणाऱ्याला एवढ्या दोन गोष्टी साधल्या की पुष्कळ झालं. नुसता कागद नेला तर धडे उरतात. नुसता गोल केला तर चार वर्षांनी कुणाला रचनाच आठवत नाहीत.

त्या गोलाला तिकडे रोदा म्हणतात. शोरोची रोदा कशी असते ते तुम्ही एकदा तरी पाहा. मधे टेबल, भोवती बासरी, बांदोलिम म्हणजे मेंडोलिन, चार तारांचं छोटं काव्हाकिन्यो, सात तारांची गिटार आणि पांदेइरो. समोर कागद नाही. शोरोच्या जुन्या रचनांना बहुधा तीन भाग असतात, पहिला भाग परत परत येतो, आणि प्रत्येक भागाचा सूर बदलतो. सात तारांची गिटार खालून उत्तरं देत राहते. शोरो सुरू झाला १८७०च्या सुमारास रिओत, जोआकिम कालादो या बासरीवादकाच्या संचातून. शिकिन्या गोंझागा, एर्नेस्तो नाझारे, मग पिशिंगिन्या, मग जाकॉब दो बांदोलिम अशी मोठी ओळ आहे. २०२४ साली ब्राझील सरकारच्या वारसा संस्थेनं शोरोची देशाचा सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद केली. रिओत एस्कोला पोर्तातिल दे म्युझिका ही शोरोची शाळा आहे. तिथे शनिवारी वाद्यवार वर्ग होतात आणि मग सगळे विद्यार्थी, नवशिक्यापासून जाणत्यापर्यंत, एकत्र बसून एका मोठ्या संचात वाजवतात. ज्याला दोनच स्वर येतात तोही दोन स्वर वाजवतो, पण खऱ्या संगीतात वाजवतो. ही कल्पना तुम्ही जशीच्या तशी उचला. वर्गाचा शेवटचा अर्धा तास जुन्या गटाबरोबर एकत्र.

सुरुवातीच्या वर्गांचं म्हणाल तर मी असं करतो. पहिले दोन-तीन वर्ग वाद्य नाही. सगळे उभे. उजवं-डावं असं जागच्या जागी वजन टाकत चालणं, मोठा ठोका डाव्या पायाला. त्यावर बाहियाच्या सांबा दे रोदाच्या टाळ्या. आठ सूक्ष्म मात्रांत तीन, तीन, दोन. तुम्हाला हे विभाजन केरव्यातल्या तिहायांमुळे ओळखीचं असेल, पण इथे त्याचा शेवट कुठे होत नाही, ते फिरत राहतं. मग एक दोन ओळींचं गाणं, ज्यात एक जण म्हणतो आणि बाकीचे उत्तर देतात. चालणं, टाळी आणि गाणं तिन्ही एकत्र टिकलं की मग सुर्दो आणि गांझा. त्यानंतर ताशासारखा वाजणारा काइशा, आणि तांबोरिम. माझ्याकडे लोक कुरकुर करतात, ‘आम्ही ढोल वाजवायला आलो, गाणं म्हणायला नाही.’ त्यांना मी शांतपणे सांगतो की गाणं नको असेल तर हा वर्ग तुमच्यासाठी नाही. काही जातात. जे राहतात त्यांचा सांबा टिकतो. तुम्हीही इथे मऊ होऊ नका.

आणखी एक सवय टाळा. तबल्याचे बोल या वाद्यांना लावू नका. मोह होतो, कारण धिन-ना-धिन करत आपण काहीही लक्षात ठेवू शकतो. पण आपल्या बोलांबरोबर आपलं वजनही येतं, भरी-खाली येते, आणि हळूहळू तांबोरिमचा केरवा होतो. त्यांच्याकडे त्यांचे उच्चार आहेत, ‘तेलेको-तेको’ त्यातला सगळ्यात ठाऊक. ते वापरा.

भाषेचं काय? बोलण्यापुरतं पोर्तुगीज शिकाच. वर्ग घेता तर आठवड्याला एक गाणं, उच्चारासह आणि अर्थासह, एवढं तर ठेवाच. त्या भाषेत नाकातले स्वर फार आहेत आणि तालाचा झोका त्यांवरच टेकलेला असतो. माझ्याकडे सिंधुदुर्ग आणि गोव्याकडची मुलं येतात त्यांना ते स्वर पहिल्याच दिवशी येतात, मालवणी-कोकणीत ते रोजचेच आहेत. उत्तर युरोपातल्या विद्यार्थ्यांना मात्र महिना-महिना लागतो. घरच्या बोलीचा असा उपयोग होताना पाहून मला मनापासून आनंद होतो.

एका बाबतीत मी फार कडक आहे. कांदोंब्लेचे ताल. कांदोंब्ले हा आफ्रिकेतून आलेल्या लोकांनी बाहियात जपलेला धर्म आहे. त्यात रूम, रुम्पी आणि ले असे तीन आताबाके ढोल वाजतात, आणि प्रत्येक ताल एखाद्या देवतेला बोलावण्यासाठी असतो. सांब्याचं मूळ तिथवर जातं, म्हणून उत्साही शिक्षक ते ताल शनिवार-रविवारच्या कार्यशाळेत शिकवून टाकतात. संबळ आणि गोंधळ पाहत मोठे झालेल्या माणसाला तरी हे सांगायला लागू नये. ज्याला त्या घरातल्या माणसानं शिकवलं आणि शिकवायची मोकळीक दिली, त्यानं शिकवावं. तुम्ही आणि मी, नाही.

त्या परंपरेतून रस्त्यावर आलेला, सगळ्यांसाठी खुला असा एक ताल मात्र आहे, इजेशा. संथ, डोलणारा, आगोगोच्या दोन घंटांवर चालणारा. तो वाजवत साल्व्हादोरच्या कार्निव्हलमध्ये हजारो पुरुष पांढरे कपडे आणि फेटे घालून चालतात. त्या मंडळाचं नाव फिल्योस दे गांधी, म्हणजे गांधींची मुलं. १९४९च्या फेब्रुवारीत, गांधीजींच्या हत्येला जेमतेम वर्ष झालेलं असताना, साल्व्हादोरच्या गोदी कामगारांनी ते सुरू केलं. शांततेचा माणूस म्हणून त्यांनी आपल्या मिरवणुकीला त्यांचं नाव दिलं. भारतातून आलेल्या शिक्षकाकडून ही गोष्ट जर्मन विद्यार्थ्यांना कळावी असं मला फार वाटतं. तुमच्या वर्गाचा दुसरा ताल म्हणून इजेशा घ्या. लय बेताची असल्यामुळे नवशिके त्यात ऐकायला शिकतात.

नावं सांगा. हा नमुना कुणाकडून आला, कुठल्या स्कूलचा, कुठल्या मेस्त्रेचा, म्हणजे गुरूचा, हे दर वेळी वर्गात म्हणा. तुम्ही तबलजी आहात, उस्तादांचं नाव घेताना कान धरण्याची सवय तुम्हाला आहे, तीच इथे आणा. जी गोष्ट व्हिडिओवरून शिकलात ती व्हिडिओवरून शिकलो असं सांगा. आणि पैसा: वर्गाच्या फीमधून काही रक्कम दर महिन्याला बाजूला ठेवा आणि वर्षातून एकदा तरी ब्राझीलच्या शिक्षकाला पूर्ण मानधन देऊन बोलवा. जर्मनीत कितीतरी ब्राझीलचे वादक राहतात, आणि त्यांतल्या पुष्कळांना आपल्याच संगीताच्या वर्गात पाहुणा म्हणूनसुद्धा कुणी बोलवत नाही. कोबुर्ग गावात १९९२पासून दर जुलैत मोठा सांबा महोत्सव होतो. युरोपभरचे गट तिथे येतात. विद्यार्थ्यांना घेऊन जा. पण तिथे नुसत्या मिरवणुका पाहून परतू नका, ब्राझीलहून आलेल्यांच्या कार्यशाळेत बसा. इतर देशांतही अशी घरं उभी राहिली आहेत. लंडन स्कूल ऑफ सांबा १९८४पासून आहे, तोक्योच्या आसाकुसात १९८१पासून सांबा कार्निव्हल होतो. आणि साव पावलोत जन्मून दहाव्या वर्षी तोक्योला गेलेल्या लिसा ओनो यांनी तर बोसा नोव्हा हा सांब्यातून निघालेला मृदू गायनप्रकार जपानच्या घराघरात नेला.

पांदेइरो घ्यायचं म्हणता, तर दहा इंची घ्या, पाच जोड्या चकत्यांचं, हलक्या लाकडाचं. चकत्या वाटीसारख्या खोलगट असल्या तर आवाज कोरडा आणि तुटक येतो, तोच हवा. बकरीच्या कातड्याचा आवाज गोड, पण जर्मन हिवाळ्यात हीटरच्या कोरड्या हवेत ते इतकं ताणतं की खर्ज जातो. खोलीत पाण्याचं भांडं ठेवा, वाजवून झाल्यावर चावीनं जरा सैल करा. सुरुवातीला कृत्रिम पुडीही चालेल. मूळ चाल अंगठा, बोटांची टोकं, तळव्याचा खालचा भाग, पुन्हा टोकं. तबलजी डावा हात विसरतो. इथे डावा हात वाद्य नुसतं धरत नाही, मनगट उजवीकडे-डावीकडे फिरवून वाद्य उजव्या हाताकडे आणतो, आणि त्याचं मधलं बोट आतून पुडी दाबून आवाज बंद-खुला करतं. मनगट दुखायला लागलं तर तिथेच थांबा, दुखऱ्या हातानं रियाज करायचं हे वाद्य नाही. जुन्या रीतीसाठी जोर्जिन्यो दो पांदेइरो ऐका. ते हातात बसल्यावर मार्कोस सुझानो ऐका. त्यांनी चालच उलटी करून बोटांच्या टोकांपासून सुरुवात केली आणि खर्ज भलत्या जागी आणून ठेवला. आधी सुझानो ऐकलात तर तबल्याच्या हाताला ते इतकं आवडेल की जुनं शिकायचं राहून जाईल.

राहिला तबला. या दोन परंपरांची भेट नवी नाही. ब्राझीलचे तालवादक आयर्तो मोरेरा आणि झाकीरभाई अमेरिकन ड्रमवादक मिकी हार्टच्या १९९१च्या ‘प्लॅनेट ड्रम’मध्ये एकत्र होते, विक्कू विनायकरामही होते, आणि जागतिक संगीतासाठीचं पहिलं ग्रॅमी त्या अल्बमला मिळालं. ब्राझीलच्या रेसिफे शहरातले तालवादक नाना व्हास्कोन्सेलोस ‘कोदोना’ या त्रिकुटात कॉलिन वॉलकॉटबरोबर वाजवत, आणि वॉलकॉट तबला शिकले होते उस्ताद अल्लारखाँकडे. शोभा गुर्टूंचे चिरंजीव त्रिलोक यांनीही नानांबरोबर ध्वनिमुद्रण केलंय. हे सगळं शोधून ऐका आणि एका गोष्टीकडे लक्ष द्या, दोघांपैकी कुणीही दुसऱ्याच्या जागी बसत नाही. आयर्तो पांदेइरोवर तबला करत नाहीत, झाकीरभाई तबल्यावर सांबा करत नाहीत.

तुमच्या गटाच्या कार्यक्रमात मात्र पहिलं वर्षभर तबला बाहेर काढू नका, असं मी म्हणेन. प्रेक्षक टाळ्या वाजवतील, गटही खूश होईल, आणि मग दर वेळी तेच मागतील. तुम्ही सुर्दोवरून कायमचे उठाल. वर्षानंतर इजेशावर बसवून बघा, त्या लयीत बायाँच्या मींडेला जागा मिळते. आधी तालमीत गटातल्या किंवा गावातल्या ब्राझीलच्या एखाद्या जाणत्या वादकाला ऐकवा. तो गायला लागला तर ठेवा. तो नुसता ‘छान’ म्हणाला तर अजून सहा महिने थांबा.